एन६४ एम्युलेटर: ग्लाइडएन६४ प्लगिनमध्ये काय चालू ठेवायचं, काय बंद?

बिंदूचौकोन

निन्टेंडो ६४ (एन६४) या जुन्या गेम यंत्राचे गेम प्रोजेक्ट६४ या एम्युलेटरवर (त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवताना ग्राफिक्स प्लगिन (चित्र काढणारा जोड-प्रोग्राम) म्हणून ग्लाइडएन६४ लावला आहे. लॅपटॉपवर इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, पडदा १९२०×१०८०. वेग मिळावा म्हणून फ्रेम बफर (काढलेलं चित्र ठेवायची मेमरी) टॅबमधलं बहुतेक सगळं बंद केलं आहे. वेग ठीक आहे, पण तीन गोष्टी खटकतात.

१) मारिओ कार्ट ६४ मध्ये लुइजी रेसवेवर ट्रॅकशेजारी जो भलामोठा पडदा आहे, त्यावर शर्यतीचं थेट चित्र दिसायला हवं. तो काळा राहतो.
२) झेल्डा ऑकरिना ऑफ टाइममध्ये सूर्याची तिरीप आणि दिव्यांची वलयं कधी उमटतच नाहीत, कधी भिंतीआडूनही दिसतात.
३) मेनू, लोगो, सपाट चित्रं यांच्यात बारीक काळ्या रेषा येतात.

प्रत्येक पर्याय नेमकं काय करतो आणि या मशीनवर कोणते परवडतील, हे जाणकारांनी सांगावं. "सगळं हायवर ठेवा" किंवा "सगळं बंद करा" यापलीकडचं उत्तर हवं आहे.

---

तिरफळ

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. एन६४ मध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नव्हतीच. ४ एमबी आरडीरॅम (यंत्राची मुख्य मेमरी), एक्स्पान्शन पॅक लावला तर ८ एमबी, आणि प्रोसेसर, ग्राफिक्स, आवाज सगळे त्याच मेमरीत काम करायचे. काढलेलं चित्रही तिथेच पडायचं. त्यामुळे गेमचा कोड ते चित्र सहज वाचू शकायचा, आणि बऱ्याच गेमनी याचा पुरेपूर फायदा घेतला.

तुमच्या पीसीवर चित्र तयार होतं ते ग्राफिक्स चिपच्या ताब्यातल्या बफरमध्ये. गेम मात्र जुन्या सवयीने एम्युलेटरच्या आरडीरॅममध्ये बघायला जातो आणि तिथे काहीच नसतं. मारिओ कार्टचा पडदा म्हणजे नुकतंच काढलेलं चित्र वाचून पोत (टेक्स्चर, पृष्ठभागावर लावायचं चित्र) म्हणून चिकटवलेलं. वाचायला काही मिळालं नाही, की पडदा काळा.

झेल्डात हाच प्रकार खोलीच्या बफरचा (प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याची नोंद). सूर्य ज्या बिंदूवर आहे तिथली खोली गेम वाचतो आणि मध्ये डोंगर किंवा भिंत आहे का ते ठरवतो. कॉपी बंद असेल तर तिथे जी काही शिळी किंमत पडली असेल तीच हाती लागते, म्हणून कधी वलय गायब, कधी भिंतीआरपार.

तेव्हा फ्रेम बफर टॅबमध्ये:

– फ्रेम बफर एम्युलेशन: चालू. याच्या खालचं सगळं यावर अवलंबून आहे.
– रंगाचा बफर आरडीरॅममध्ये कॉपी करा: असिंक्रोनस.
– खोलीचा बफर आरडीरॅममध्ये कॉपी करा: सॉफ्टवेअर रेंडर.
– आरडीरॅममधला बफर पडद्यावर काढा: बंद. प्रोसेसर स्वतः थेट चित्र रंगवतो अशा मोजक्या गेमनाच हा लागतो, आणि तो महाग आहे.

---

सागरगोटा

वाचनखूण (वाखू) साठवली.

---

मोडेम_धारी

तिरफळ यांनी कारण अगदी बरोबर सांगितलंय, पण अंगभूत ग्राफिक्सवर रंगाची कॉपी सरसकट चालू ठेवावी याला माझा विरोध आहे. ग्राफिक्स चिपकडून डेटा परत मागवणं हे सगळ्यात महागडं काम. चिप मागे रांगेत असलेली सगळी कामं संपवेपर्यंत प्रोसेसर वाट बघत बसतो. सुपर मारिओ ६४ सारख्या गेमला या कॉपीची फारशी गरजच नाही, मग तिथे किंमत का मोजायची? आधी बंद, आणि ज्या गेमला हवी त्यालाच चालू, हे जास्त बरं.

---

तिरफळ

@मोडेम_धारी, तुम्ही सांगताय ती किंमत सिंक्रोनस पर्यायाची. त्यात त्याच फ्रेमचं चित्र त्याच क्षणी हवं असतं, म्हणून सगळं थांबतं. असिंक्रोनसमध्ये प्लगिन आधीच्या फ्रेमचं चित्र देतो, तोवर चिपचं पुढचं काम सुरू असतं. एका फ्रेमचा उशीर होतो, पण कार्टच्या पडद्यावर तो कुणाला कळणार? विरामाच्या पडद्यामागे गोठलेल्या चित्रालाही तो चालतो. चित्र त्याच क्षणी अचूक वाचणारा एखादा गेम असेल, तर त्याच्यापुरतं सिंक्रोनस करायचं.

खोलीबाबत तर प्रश्नच मिटतो. सॉफ्टवेअर रेंडर निवडलं की प्लगिन खोलीचा बफर प्रोसेसरवरच वेगळा मोजतो, ग्राफिक्स चिपकडून काहीच परत मागवत नाही. अंगभूत ग्राफिक्सवाल्यांसाठी "व्हिडिओ मेमरीतून" या पर्यायापेक्षा हाच योग्य.

---

मोडेम_धारी

असिंक्रोनसचा मुद्दा मान्य. वेग कमी पडला तर पहिला घाव रिझोल्यूशनवर आणि अँटिअलायझिंगवर (कडा गुळगुळीत करण्यावर) घालावा, फ्रेम बफरवर नाही, इतपत सहमत आहे.

---

ठिपक्यांची_रांगोळी

काळ्या रेषांचं सांगते. एन६४ ची पोतांसाठीची मेमरी अवघी ४ केबी. मोठं सपाट चित्र एका वेळी त्यात मावत नाही, म्हणून गेम ते लहान आयतांत तोडून शेजारीशेजारी लावतो. मूळ ३२०×२४० वर हे आयत पिक्सेलला पिक्सेल जुळतात. आपण चौपट मोठं केलं की प्रत्येक आयताच्या कडेला फिल्टर शेजारच्या ठिपक्याचा रंग मिसळायला जातो. तो ठिपका त्या तुकड्यात नसतो, त्यामुळे मिसळतो काळा किंवा भलताच रंग. तीच तुमची रेषा.

दोन उपाय आहेत. द्विमितीय आयत मूळ रिझोल्यूशनवर काढण्याचा पर्याय "ऑप्टिमाइज्ड" वर ठेवा. मग सपाट चित्रं आधी मूळ आकारात जुळवली जातात आणि एकत्र मोठी होतात. रेषा जातात, पण अक्षरं किंचित मऊ दिसतात. दुसरा, आयतांचे निर्देशांक दुरुस्त करण्याचा पर्याय. तो "ऑटो" वर ठेवा, "फोर्स" फक्त त्या एका गेमसाठी जिथे ऑटोने भागत नाही. सरसकट फोर्स केलंत तर एका ठिकाणची रेषा जाऊन दुसरीकडे चित्र अर्धा पिक्सेल सरकलेलं दिसतं.

फिल्टरचाही पर्याय आहे. मूळ यंत्र चार ऐवजी तीनच ठिपक्यांवरून रंग काढायचं, त्यामुळे पोतांवर तिरकस, हिऱ्यासारखी छटा येते. तसं हवं असेल तर तीन बिंदूंचा बायलिनियर, मऊ हवं असेल तर नेहमीचा. माझ्या मते तीन बिंदूंचाच ठेवावा. गेमचे पोत तो फिल्टर डोळ्यांसमोर ठेवून रंगवलेले होते.

---

पाटीपेन्सिल

रिझोल्यूशनचं थोडं गणित. ३२०×२४० ची ४ पट म्हणजे १२८०×९६०, ५ पट म्हणजे १६००×१२००. १०८० ओळींच्या पडद्यावर यातलं एकही नेमकं बसत नाही, १०८० भागिले २४० म्हणजे ४.५. "आउटपुटइतकंच" ठेवलं तर नेमकं १०८० मिळतं आणि त्रिमितीय भाग धारदार दिसतो. अंगभूत चिपवर मात्र ३ पट, म्हणजे ९६०×७२० पासून सुरू करा, एमएसएए (अँटिअलायझिंगचा एक प्रकार) बंद ठेवा. दमदार वाटलं तर वाढवत न्या. १ पटवरून ३ पटवर जाणं म्हणजे ९ पट पिक्सेल, हे ध्यानात असू द्या.

---

अणुरेणू

ग्लाइडएन६४ मध्ये एवढे पर्याय लावत बसण्यापेक्षा प्लगिनच बदला ना. पॅरालेल-आरडीपी घ्या. त्यात हे बफर कॉपीचे प्रश्न उद्भवतच नाहीत, कारण तो मूळ यंत्रातली चित्र काढणारी आरडीपी चिप जशी पिक्सेल काढायची तशीच काढतो, आणि चित्र जिथे असायला हवं तिथेच असतं.

---

तिरफळ

अणुरेणू, सल्ला चांगला आहे, पण नुसतं "बदला" म्हटल्याने नवीन माणूस काळ्या पडद्यापाशी अडकतो. फरक नीट मांडूया.

एन६४ च्या ग्राफिक्स चिपचे दोन भाग: आरएसपी आणि आरडीपी. आरएसपीवर गेमसोबत आलेला छोटा प्रोग्राम चालतो, त्याला मायक्रोकोड म्हणतात. एचएलई (हाय लेव्हल एम्युलेशन) पद्धतीत प्लगिन तो मायक्रोकोड ओळखतो आणि त्याचं काम थेट ओपनजीएलच्या भाषेत करून टाकतो. वेगवान, पण मायक्रोकोड ओळखीचा असेल तरच. फॅक्टर ५ या कंपनीने स्वतःचे मायक्रोकोड लिहिले होते. त्यांच्या इंडियाना जोन्स आणि बॅटल फॉर नाबू या गेमना ग्लाइडएन६४ मध्ये एचएलई मिळायला २०१८ उजाडलं.

एलएलई (लो लेव्हल एम्युलेशन) पद्धतीत आरएसपी जसाच्या तसा चालवतात आणि आरडीपीला गेलेली प्रत्येक आज्ञा पाळतात. अँग्रीलायन हा प्लगिन हे काम पूर्णपणे प्रोसेसरवर करतो. अत्यंत अचूक, पण तगडा प्रोसेसर लागतो. २०२० साली आलेला पॅरालेल-आरडीपी तेच काम व्हल्कनच्या (ओपनजीएलसारख्याच ग्राफिक्स भाषेच्या) कंप्यूट शेडरवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर करतो, म्हणून वेग मिळतो. नंतर त्यात २, ४ आणि ८ पट रिझोल्यूशनही आलं.

---

अणुरेणू

बरोबर, पायऱ्या देतो.

रेट्रोआर्च या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मुपेन६४प्लस-नेक्स्ट हा कोअर (एन६४ चा एम्युलेटर) घ्या. सेटिंग्जमध्ये ड्रायव्हर, मग व्हिडिओ, तिथे व्हल्कन निवडा आणि रेट्रोआर्च बंद करून पुन्हा उघडा. गेम सुरू करून कोअरच्या पर्यायांत आरडीपी प्लगिन पॅरालेल, आणि आरएसपी प्लगिनसुद्धा पॅरालेल करा. हा दुसरा बदल राहिला तर चित्र येत नाही, कारण एचएलई आरएसपी आरडीपीपर्यंत आज्ञा पोचवतच नाही. मग गेम बंद करून पुन्हा लावा. प्लगिनचा बदल चालू गेममध्ये लागू होत नाही.

परत ग्लाइडएन६४ वर यायचं झालं तर ड्रायव्हर पुन्हा ओपनजीएल करायला विसरू नका. आणि अंगभूत चिपवर रिझोल्यूशन १ पटच ठेवा, तिथे ४ पट झेपेल अशी अपेक्षा नको.

---

मोडेम_धारी

भर घालतो. प्रोजेक्ट६४ मध्ये अँग्रीलायन वापरणाऱ्यांनी प्लगिनच्या पानावर ग्राफिक्ससाठी एचएलई वापरण्याची खूण काढायची. ती दिसत नसेल तर आधी जनरल पानावर "प्रगत सेटिंग लपवा" वरची खूण काढा.

प्लगिनची फाइल प्लगिन फोल्डरमधल्या जीएफएक्समध्ये टाकायची, आणि ३२ बिटच्या प्रोजेक्ट६४ ला ३२ बिटचीच डीएलएल लागते. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून ६४ बिटची डीएलएल टाकली, तर ती यादीत दिसणारच नाही.

---

रानमेवा

मोबाइलवर काय करावं? अँड्रॉइडवर एम६४प्लस एफझेड हा एम्युलेटर आहे, माली ग्राफिक्स चिप. झेल्डा धापा टाकतोय.

---

पाटीपेन्सिल

@रानमेवा, त्यात इम्युलेशन प्रोफाइल असतात. आधी ग्लाइडएन६४ फास्ट लावून बघा, त्यात बफरच्या कॉपी कमी असतात. वेग भरपूर उरला तर ॲक्युरेट. मधलं काही हवं असेल तर फास्टची प्रत काढून तिच्यात फक्त रंगाची कॉपी चालू करा. डिस्प्लेमधलं रेंडर रिझोल्यूशन खाली आणा. सहा इंचांच्या पडद्यावर ४८० ओळी पुरतात.

कमकुवत चिपवर कमी अचूक ब्लेंडिंगचा (रंग मिसळण्याचा) पर्यायही आहे, त्याला लेगसी ब्लेंडिंग म्हणतात. शेडर साधे होतात, वेग वाढतो, पण पारदर्शक गोष्टी आणि धुकं काही गेममध्ये चुकतं. हे शेवटचं शस्त्र.

---

सागरगोटा

एक प्रश्न. झेल्डात कोपऱ्यात आकडे दाखवायचा पर्याय चालू केला तर एफपीएस २० दिसतात, पण गेम हळू वाटत नाही. हे बिघडलंय का?

---

ठिपक्यांची_रांगोळी

नाही. ऑकरिना मूळ यंत्रावरही सेकंदाला २० चित्रंच काढतो, मारिओ ६४ काढतो ३०. बघायचा आकडा व्हीआय (पडदा ताजा होण्याची वेळ) प्रति सेकंद. एनटीएससी (अमेरिका-जपानचं टीव्ही मानक) गेमला तो ६०, पालला (युरोपचं मानक) ५०. तिथे ६० दिसत असतील तर एम्युलेटर पूर्ण वेगाने चालतोय. एफपीएस बघून सेटिंग कमी करत बसलात तर फुकट चित्र खराब होईल.

---

पेशवाई_पिक्सेल

अवांतर: टेक्स्चर पॅक (गेमचे पोत बदलून जास्त तपशिलाचे लावणारा संच) लावलाय, काहीच फरक नाही. फोल्डर हायरेस टेक्स्चरमध्ये टाकलं आहे.

---

तिरफळ

फोल्डरचं नाव गेमच्या आतल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. कव्हरवरचं किंवा फाइलचं नाव चालत नाही. प्रोजेक्ट६४ च्या गेमच्या यादीत "इंटर्नल नेम" हा स्तंभ चालू करा, तिथे मोठ्या अक्षरांत दिसेल तेच नाव द्या. मग टेक्स्चर एन्हान्समेंट टॅबमध्ये हाय रिझोल्यूशन पॅक वापरण्याची खूण, आणि त्याखालची "अल्फा चॅनेल पूर्ण वापरा" ही खूण. दुसरी राहिली तर झाडांच्या पानांभोवती आणि अक्षरांभोवती चौकटी येतात, आणि लोक पॅकला दोष देतात.

पहिल्या वेळी पॅक वाचायला बराच वेळ लागतो, नंतर कॅश फोल्डरमधली एचटीसी फाइल वापरली जाते. पॅक बदलला तर ती जुनी फाइल आधी पुसा. ८ जीबी रॅमवर मोठा पॅक असेल तर मेमरीऐवजी फाइल साठवण वापरण्याचा पर्याय घ्या, म्हणजे सगळे पोत एकदम रॅममध्ये भरले जात नाहीत.

आणि अणुरेणूंच्या वाटेने जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या: मूळ पॅरालेल-आरडीपीत टेक्स्चर पॅकची सोय नाही. पॅक हवे असतील तर ग्लाइडएन६४ कडेच यावं लागतं.

---

संपादक

चर्चा उत्तम चालली आहे. गेमच्या रॉमचे दुवे किंवा ते कुठे मिळतील याची माहिती कृपया देऊ नये, असे प्रतिसाद काढले जातील.

---

पेशवाई_पिक्सेल

तिरफळ, नाव जुळवल्यावर पॅक लागला. आता एवढं देखणं चित्र ४:३ मध्ये बघवत नाही, रुंद पडदा कसा करायचा?

---

ठिपक्यांची_रांगोळी

गुणोत्तरात "गेम जुळवून घेण्याचा प्रयत्न करा" असा पर्याय आहे. "ताणा" घेऊ नका, सगळे बुटके दिसतात. जुळवण्याच्या पर्यायात त्रिमितीय भाग खरोखर रुंद होतो, पण काय दाखवायचं हे गेमचा कोड अजूनही ४:३ धरूनच ठरवतो. त्यामुळे कडेला झाडं, शत्रू अचानक उगवतात आणि गायब होतात. ऑकरिनात बाजारपेठ आणि काही घरांची पार्श्वभूमी म्हणजे आधीच काढून ठेवलेलं सपाट चित्र. त्याला दोन्ही बाजूंना दाखवायला काही नाहीच. या गेमसाठी ४:३ च ठेवा, असं माझं ठाम मत.

---

बिंदूचौकोन

सर्वांचे आभार. असिंक्रोनस रंग, सॉफ्टवेअर खोली, ऑप्टिमाइज्ड आयत आणि ३ पट एवढं लावलं. कार्टचा पडदा चालू झाला, सूर्य डोंगराआड गेला की तिरीप जाते, लोगोतल्या रेषाही गेल्या. व्हीआय ६० वर स्थिर.

उरलंय ते एवढंच: नव्या भागात पहिल्यांदा शिरताना क्षणभर अडखळतं, नंतर तिथेच पुन्हा गेलं तर नाही. आणि मारिओ टेनिसमध्ये अजून रेषा आहेत, तिथे फोर्स लावलं तर बाकीच्या गेमवर परिणाम होईल का?

---

मोडेम_धारी

अडखळणं शेडर तयार होताना होतं. गेम रंग मिसळण्याचं नवं सूत्र वापरतो तेव्हा प्लगिन त्यासाठी नवा शेडर बनवतो. शेडर साठवण्याचा पर्याय चालू ठेवा, मग ते डिस्कवर राहतात आणि पुढच्या वेळी तयार मिळतात. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की ते पुन्हा बनतात, तेव्हा काही काळ परत अडखळेल.

लॅपटॉपमध्ये दुसरी, वेगळी ग्राफिक्स चिपही असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली प्रोजेक्ट६४ ची एक्झी जोडून तिला जास्त कार्यक्षमतेची चिप नेमून द्या. तुमच्याकडे एकच असेल तर हे सोडा.

---

तिरफळ

टेनिससाठी सेटिंगच्या खिडकीत प्रत्येक गेमची वेगळी सेटिंग ठेवण्याची खूण आहे. ती चालू करून, गेम उघडा असताना सेटिंग बदललं की ते त्या गेमच्याच नावावर जतन होतं, बाकीचे जसेच्या तसे राहतात. प्लगिनसोबत आलेल्या ग्लाइडएन६४ कस्टम आयएनआय फाइलमध्ये बऱ्याच गेमसाठी असे अपवाद आधीच लिहिलेले असतात. ती फाइल पुसू नका. प्लगिनची नवी आवृत्ती टाकताना डीएलएलसोबत तीही नवीच टाका. फक्त डीएलएल बदलली तर नव्याने भर पडलेले अपवाद तुम्हाला मिळत नाहीत.

पोकेमॉन स्नॅप लावणार असाल तर त्याच्यापुरती सहायक बफरांचीही कॉपी चालू करा. कॅमेऱ्यासमोर कोणता पोकेमॉन आहे ते गेम चित्रातूनच ओळखतो. ती कॉपी बंद असेल तर फोटो निघतात, पण समोर कुणी आहे हेच गेमला कळत नाही.

---

रानमेवा

फास्टची प्रत, रंगाची कॉपी असिंक्रोनस, ४८० ओळी. मालीवर झेल्डा पूर्ण वेगात. पाटीपेन्सिल, आभार.

---

बिंदूचौकोन

टेनिसला वेगळी सेटिंग लागू झाली, रेषा गेल्या. लुइजी रेसवेवर आता सगळे रस्ता सोडून पडद्याकडेच बघतात :)